मिस्त्रीकाका, तुम्ही उखडायला लावलेल्या फ्लोअरबद्दल

मिस्त्रीकाकांना,
सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय. तुम्हाला मराठी सगळं कळतं, फक्त वाचायचा कंटाळा येतो, हे तुम्हीच सांगितलं होतंत. तुमची सून रावपुऱ्यातली, मराठी वाचणारी, तिला म्हणावं मोठ्यानं वाच. आणि चारचौघांत लिहितेय, कारण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "शुं तमे पण, बेन" म्हणता आणि स्कूटर चालू करता.

निमित्त परवाच्या रविवारचं. आपल्या सोसायटीच्या पुरासाठीच्या होडीवरची ताडपत्री काढली, तुम्ही फ्लोअरमध्ये मागच्या टोकाला ठेवलेलं चौकोनी झाकण उघडलं आणि बॅटरी मारून आत पाहिलं. तळ कोरडा होता. पांढरी भुकटी नाही, खड्डा नाही. बोट फिरवून पाहिलं तर नुसती धूळ आली. मधे एक अख्खा पावसाळा गेलाय. त्याच जागी वर्षापूर्वी काय होतं ते आपल्या दोघांना माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगते.

ऑगस्ट २०२४चा पूर वडोदऱ्यात कुणाला नव्यानं सांगायला नको. जन्माष्टमीला पाऊस लागला आणि काळाघोड्याच्या पुलापाशी विश्वामित्री नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची खूण २६ची. आमच्या समा भागातल्या सोसायटीत तळमजल्यावर कमरेएवढं पाणी. दुसऱ्या दिवशी बचाव पथकाची रबरी होडी आली, पण तोवर सासूबाईंचं इन्सुलिन फ्रिजसकट गेलं होतं. दिवाळीनंतर मीटिंगमध्ये ठरलं, आपली स्वतःची एक होडी असावी. रबरी नको, कारण पाण्याखाली बुडालेल्या कंपाउंडच्या ग्रिलवर ती फाटेल. शिवाय आमची नदी मगरींची. अकोट्याला घराच्या छपरावर चढलेल्या मगरीचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये होता.

माझे धाकटे दीर कामानिमित्त भावनगरला जातात. अलंगच्या रस्त्याला जहाजांतून निघालेल्या सामानाची दुकानं आहेत, तिथून त्यांनी ॲल्युमिनियमची मासेमारीची होडी आणली. बारा फूट लांब, मधे चार फूट रुंद, सपाट बुडाची. आत तीन आडवी बाकं, कडेला गळ अडकवायचे दोन खोबणीचे पाइप अजून शाबूत. पण आत फ्लोअर नव्हतं. पाय ठेवायचा तो थेट पत्र्याच्या बरगड्यांवर. सासूबाईंनी आत उभं राहून बघितलं आणि म्हणाल्या, "यापेक्षा मी गच्चीवर बसेन."

तेव्हा फ्लोअर आम्हीच घातलं. दिरांनी भंगारातून स्वस्तात जाड लाकूड मिळवलं होतं, कुठल्याशा कारखान्याच्या कूलिंग टॉवरमधून निघालेलं. किंचित हिरवट, वजनदार, वीस वर्षं पाण्यात राहून न कुजलेलं. होडीला याहून चांगलं काय मिळणार, असं आम्हाला वाटलं. बरगड्यांवर त्याच्या पट्ट्या, वर आमच्या जुन्या कपाटाचा प्लाय, काळे ड्रायवॉल स्क्रू, त्यावर हिरवा कार्पेट. मी त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता आणि एकसष्ट अंगठे आले होते. दर रविवारी मी होडी पाइपानं धूतही होते. हे तेव्हा अभिमानानं सांगत होते, आता जरा हळू आवाजात सांगते.

तुम्ही आलात ते खरं तर क्लबहाऊसचं दार बसवायला. जाताजाता होडीपाशी थांबलात, कार्पेटचं एक टोक उचललंत, पट्टीला नख लावून वास घेतलात आणि म्हणालात, "बेन, आ लाकडुं नथी, झेर छे. आजच काढा."

मला राग आला होता, काका. लपवत नाही. एकसष्ट अंगठ्यांच्या फ्लोअरला एक माणूस येऊन विष म्हणतो.

मग तुम्ही समजावलंत. कूलिंग टॉवरच्या लाकडाला कुजू नये म्हणून तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकची क्षारं दाबानं मुरवलेली असतात, हिरवट रंग त्याचाच. ओल लागली की त्यातलं तांबं थोडं थोडं सुटतं आणि ॲल्युमिनियमवर बसतं. दोन वेगळे धातू आणि मधे पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच, आणि त्यात झिजायचं असतं ते ॲल्युमिनियमनं. तुमचा दाखला माझ्या डोक्यात पक्का बसलाय: जुन्या वायरिंगमध्ये तांब्याची तार ॲल्युमिनियमच्या तारेला नुसती पिळून जोडली की सांधा काळा पडतो आणि एक दिवस जळतो. तेच इथे, फक्त धूर न होता.

फ्लोअर उखडलं तेव्हा पट्ट्यांच्या खाली पांढरी भुकटी होती, आणि दोन ठिकाणी सुईचं टोक बसेल एवढे खड्डे. सहा आठवड्यांत. कार्पेटनं पाणी धरून ठेवलं होतं आणि मी दर रविवारी त्यात भर घालत होते. चार पावसाळे ती होडी तशीच शेडमध्ये राहिली असती, वरून हिरवीगार, आणि पुराच्या दिवशी आम्ही सासूबाईंना तिच्यात बसवलं असतं.

मी नंतर वाचलं की लाकडाला हे औषध देण्याची रीत आपल्याच देशातली आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी ती १९३३ साली काढली. म्हणजे औषध नामी, आम्ही ते भलत्या ठिकाणी लावलं. तुम्हाला हे सांगायचं राहून गेलं होतं.

त्यानंतरचे तीन शनिवार-रविवार माझ्या या वर्षातले सगळ्यात आवडते. तुमची ती लाकडी हत्यारपेटी, आजोबांची, ते कलाभवनात सुतारकाम शिकले त्या काळातली. सयाजीराव महाराजांनी १८९०मध्ये कलाभवन काढलं हे आम्ही शाळेत पाठ केलं होतं, पण तिथल्या काळातला रंधा हातात धरायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. (धरू दिलात, चालवू दिला नाहीत. योग्यच केलंत.)

आधी तुम्ही फ्लोअरचं नावही काढू दिलं नाही. होडी वाळूच्या पोत्यांवर उचलून ठेवली आणि आत चार बोटं पाणी भरलं. मला वाटलं, बाहेरचं पाणी आत येतंय का ते बघायचं तर होडी पाण्यात टाकायला हवी. तुम्ही खाली सरपटत गेलात आणि जिथे थेंब दिसला तिथे खडूनं गोल केलात. सात गोल झाले. पाच सैल झालेल्या जुन्या रिव्हेटांचे, दोन आमच्या कर्तबगारीचे, ड्रिल बरगडीतून थेट पत्र्यापार गेलेलं. दीर त्या दिवशी फार बोलले नाहीत. तुम्हीही काही बोलला नाहीत. फक्त पुढच्या वेळी ड्रिलच्या पात्याला लाल टेप गुंडाळून दिलात, टेप टेकली की थांबायचं.

बाकांच्या पेटीतला थर्माकोल बाहेर काढला तेव्हा तो पाणी पिऊन विटेसारखा जड झाला होता. तो फेकून कोल्ड स्टोरेजच्या भिंतीत घालतात तो निळा फोम बसवलात. असा एक घनफूट फोम पाण्यात साधारण २७ किलो तोलून धरतो, म्हणजे उलटली तरी होडी तळाला जात नाही. मधलं बाक काढून जागा मोकळी करू या, हा माझा सल्ला तुम्ही एका वाक्यात मोडलात: ते बाक बसायला नाही, दोन्ही कुशी एकमेकींपासून तोलून धरायला आहे. फ्लोअर सहा इंच उंच करून खाली सामान ठेवू, हा दिरांचा सल्लाही तसाच गेला. माणूस जितका वर उभा राहील तितकी सपाट बुडाची होडी डोलणार, म्हणून फ्लोअर बरगड्यांना जवळजवळ टेकूनच.

प्लायची गंमत तर अजून घरात सांगतात. ७१०चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का असलेला बारा एमएमचा प्लाय आणा, म्हणालात. आम्ही आणला. तुम्ही शिक्क्याकडे पाहिलंही नाहीत, एक तुकडा कापून माझ्या हातात दिलात: "कुकरमां नहीं, पातेल्यात. उकळत ठेवा." खऱ्या परीक्षेत ७२ तास उकळतात म्हणे, आमच्या गॅसनं एक दिवस काढला. सासूबाई येता-जाता झाकण उघडून विचारत होत्या, शिजलं का? संध्याकाळी त्याचे पापुद्रे वहीच्या पानांसारखे सुटले. शिक्का शाबूत होता. दुसऱ्या दुकानातला तुकडा दिवसभर उकळून जसाच्या तसा राहिला, तोच घेतला. तेव्हा मी विचारलं होतं, अठरा एमएम का नको, मजबूत होईल. तुम्ही अख्खी शीट माझ्याकडून एका बाजूनं उचलवलीत. बाराचीच पंचवीसेक किलोची. पुढे विचारलं नाही.

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून होडीच्या आकाराचे साचे केलेत, तीन तुकडे, प्रत्येक बाकामधल्या खणाला एक. खाली लाकडाऐवजी खिडक्यांचं काम करणाऱ्याकडून आणलेले ॲल्युमिनियमचे चौकोनी सेक्शन. प्लायला इपॉक्सीचे, म्हणजे पाणी न शिरू देणाऱ्या राळेचे, तीन हात, आणि कडांना पाच. "फळी तोंडानं पाणी पिते, अने एनुं मोढुं कडेला असतं," हे तुमचं अर्धं गुजराती, अर्धं मराठी वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. सगळ्यात चिवट काम भोकांचं. प्रत्येक स्क्रूचं भोक आधी मोठं पाडायचं, इपॉक्सीनं बुजवायचं, सुकलं की त्याच्या मधोमध पुन्हा लहान भोक, म्हणजे स्क्रू कधीच उघड्या लाकडाला लागत नाही. छत्तीस भोकं. एकतिसाव्याला मी म्हटलं, एवढी राहू द्या ना तशीच. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत फक्त. स्टेनलेसच्या स्क्रूखाली नायलॉनचा वायसर, तोही त्याच बॅटरीच्या भीतीनं.

कार्पेट नाहीच. शेवटच्या ओल्या रंगावर ओरसंग नदीची वाळू धुऊन, वाळवून, चाळून भुरभुरवलीत. त्यात आमची मैद्याची चाळणी गेली. सासूबाईंनी ती माफ केलेली नाही, तेवढा निरोप पोचवते.

रंग वाळायच्या आत तुम्ही विचारलंत, लाइफ जॅकेट किती घेतलीत? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तुम्ही हरणीचं नाव काढलंत. १८ जानेवारी २०२४ला तिथल्या तलावात सहलीच्या होडीत बारा मुलं आणि दोन शिक्षिका बुडून गेल्या, त्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. तुमच्या गल्लीतून मुलं शाळेच्या गाडीत बसताना तुम्ही रोज बघता, एवढंच बोललात, आणि जॅकेटं आल्यावरच बाकीचं काम होईल म्हणालात. पाच आली. मग पादऱ्याकडे आमच्या नातलगांच्या शेततळ्यात होडी उतरवली, पाण्याचे वीस लिटरचे जार एकेक करून आत ठेवले, सगळे एका कुशीला सरकवले, काठ पाण्यापासून किती वर राहतो ते पट्टीनं मोजलं. त्यानंतर तुम्ही ब्रश घेऊन आतल्या बाजूला ठळक लिहिलंत: ४ माणसं, वल्हवणारा धरून. मीटिंगमध्ये अजून कुणी ना कुणी म्हणतं, सहा आरामात बसतील. मी त्यांना तो आकडा दाखवते आणि तुमचा फोन नंबर देते. अजून कुणी फोन केलेला नाही.

सासूबाई त्या दिवशी शेततळ्यात जॅकेट घालून होडीत उभ्या राहिल्या, दिरांचा हात सोडून. काठापर्यंत येईतो बसल्या नाहीत. तुम्ही तेव्हा झाडाखाली सेव-उसळ खात होतात आणि पाठ करून बसला होतात, म्हणून हे तुम्हाला माहीत नसेल.

मागच्या पावसाळ्यात होडी शेडमध्येच राहिली, गरज पडली नाही. ज्या कामाला ती घेतली ते काम तिला कधीच न लागो. पण झाकण ठेवायचा हट्ट तुम्ही धरला नसता तर परवा मी तो कोरडा तळ बघू शकले नसते. आम्ही तर म्हणत होतो, कशाला झाकण, एकसंध दिसू दे. पाणी काढायचं बूच कुठे आहे, तुंबलंय का, आत काय चाललंय, हे दर तीन महिन्यांनी उघडून पाहायचं असं तुम्ही बजावलं होतंत. तारखा आता पंपरूमच्या कॅलेंडरवर लिहिल्यात. झाकणाखाली साचा केलेल्या पुठ्ठ्याचा एक तुकडाही सापडला, तुमच्या अक्षरातली मापं असलेला. तो काढला नाही.

तुमच्या मजुरीतले बाराशे रुपये अजून माझ्याकडे आहेत. तीनदा पाठवले, तीनदा परत आले. सुनेच्या हाती देणार होते, तिनेही हात जोडले.

आणि एक अडचण आहे. होळी जवळ आली. मागच्या वर्षी तुम्ही सांगितलं होतंत की ते हिरवं लाकूड जाळायचं नाही, धूर आणि राख दोन्ही विषारी, मुलांना त्याच्या जवळपास फिरकू द्यायचं नाही. म्हणून ते अजून पंपरूममागे ताडपत्रीखाली बांधून ठेवलंय. मुलं रोज विचारतात, काकी, एवढं लाकूड आहे तर विकत कशाला आणायचं? भंगारवाला घ्यायला तयार आहे, पण त्याच्याकडून ते पुन्हा कुणाच्या तरी होडीत किंवा चुलीत जाईल, म्हणून देत नाही. त्याचं काय करायचं ते बघायला एकदा या. बाराशे रुपये काढणार नाही, शब्द देते.

तुमची,
होडीवाली बेन