गूढ कसले, हा तर चकवा

गेल्या रविवारच्या पुरवणीतील, दुर्गम अरण्यांत 'गूढरीत्या' नाहीशा होणाऱ्या माणसांवरचा लेख वाचला. लेख रंजक आहे. आक्षेप आहे तो 'गूढ' या शब्दाला. 2013 मध्ये अमेरिकेतील अ‍ॅपलेशियन पायवाटेवर एक महिला बेपत्ता झाली. दोन वर्षांनी तिचा तंबू आणि अवशेष मिळाले, ते पायवाटेपासून तीन-साडेतीन किलोमीटरच्या आतच. नैसर्गिक विधीसाठी ती वाट सोडून आत गेली होती. परतीची वाट तिला सापडलीच नाही. मोबाइलला रेंज नसल्याने तिचे संदेश कुणापर्यंत पोहोचले नाहीत. ती किमान 26 दिवस जिवंत होती, हे तिच्याच टिपणवहीवरून कळले. यात भुताटकी कुठे आली?

आपल्याकडे याला 'चकवा लागणे' म्हणतात. 2009 मध्ये जर्मनीतील मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी काही जणांना जंगलात सरळ चालायला सांगितले. ढगाळ दिवशी ते नकळत गोल फिरून आपलीच वाट ओलांडत राहिले. सूर्य दिसत होता तेव्हा मात्र जवळजवळ सरळ गेले.

नान्नजच्या माळावर नजर थेट क्षितिजाला टेकते, त्यामुळे आम्हा सोलापूरकरांना हे पटायला जड जाते. पण इथलीच मुले पावसाळ्यात सह्याद्रीच्या धुक्यात ट्रेकला जातात. निघण्यापूर्वी मार्ग आणि परतीची वेळ घरी सांगावी, वाट चुकल्यास भटकत न बसता जागीच थांबावे, एवढे तरी त्या लेखासोबत चौकटीत छापायला हवे होते.

— एक वाचक, सोलापूर