कोल्हापूर ते जळगाव, 1 तास 8 मिनिटं

ठाणे, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आत्याकडे जळगावला विमानानेच जायचं म्हणून काल फोनवर तुम्ही म्हणालात, "आपल्या कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ ते जळगाव विमानतळ 500 किलोमीटर, 1 तास 8 मिनिटं. मोबाईलवर स्पष्ट लिहिलंय." तुमचा आवाज इतका खुशीत होता की तेव्हा माझ्याच्याने काही बोलवलं नाही. रात्री बसून सगळं पाहिलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

500 बरोबर आहे. पण नकाशावर पट्टी ठेवावी तसं ते सरळ अंतर आहे. त्याला जेटच्या ताशी 800 च्या वेगाने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास धरायचा, की तुमची 1 तास 8 मिनिटं येतात. छोट्या विमानतळांवर बऱ्याचदा पंख्यांची एटीआर विमानं येतात, त्यांचा वेग ताशी 500 च्या आसपास. मग तोच प्रवास दीड तासाचा होतो. आणि मुळात त्या मार्गावर विमान आहे का, हे या हिशोबात कुठेच येत नाही. आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या आठवड्यातली एकेक तारीख घालून पाहिली. थेट विमान एकही नाही. मुंबईत बदलायचं तर दोन विमानं, मध्ये तासन्‌तास ताटकळणं, त्यात तुमचा गुडघा.

दिवाळीत मी विमानाने आले होते ना? हवेत जेमतेम तासभर. पण कासारवडवलीहून घोडबंदर रोडच्या गर्दीतून विमानतळ गाठायलाच पावणेदोन तास गेले, तिथे आधी पोचून थांबणं, वर विमानाला उशीर. दारातून दारात साडेसहा तास! चढायला अरुंद शिडी होती. माझ्या पुढच्या आजी प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढत होत्या, एका हाताने कठडा घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी. आई, मला तूच दिसलीस.

महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून थेट जळगावला जाते, पण पुणे, दौंड, मनमाड असं वळून, जवळपास 800 किलोमीटर. एवढा सलग प्रवास आता तुम्हा दोघांना नको. त्यापेक्षा रात्री महालक्ष्मीने निघा, पहाटे कल्याणला उतरा. मी फलाटावर उभी असेन. दोन दिवस माझ्याकडे राहा, पाठ टेका. पुढे कल्याणहून जळगाव गाडीने पाच-सहा तास, आणि तेव्हा मी बरोबर असेन. एकूण वेळ जास्त जाईल, हे मान्य. पण तुम्ही आत्यासमोर थकून नाही, ताजेतवाने उभे राहाल. सहा वर्षांनी भेटताय तुम्ही बहीण-भाऊ.

आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळीच खालचे बर्थ मिळतात का बघते. आई, गोळ्यांची पिशवी सामानात टाकू नकोस, हातात ठेव. आणि बाबा, आत्याला आजच फोन करा. आपण नक्की येतोय म्हणून सांगा.

तुमची,
धाकटी