गॅलरीतल्या पारव्यांबद्दल

बंगळूर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर पारव्यांचा विषय निघाला की तुमचं दोघांचं जुंपतं आणि माझं बोलणं राहून जातं, म्हणून लिहितेय. आईचा खोकला हटत नाहीये. पारव्यांच्या विष्ठेची नि पिसांची धूळ काहींच्या फुप्फुसांना सोसत नाही, त्यातून कायमचं दुखणंही लागू शकतं. तिला छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि घरात पारवे येतात हे त्यांना आवर्जून सांगा.

बाबा, तुम्ही म्हणता, "आता रोज कुठे टाकतो? कधीतरी मूठभर ज्वारी." गोची तिथेच आहे. मी वर्गात हेच शिकवते. प्रयोगाच्या पेटीत बटणावर चोच मारणाऱ्या कबुतराला ठरावीक वेळानंतरच्या पहिल्या टोचीलाच दाणे मिळत असतील, तर ते खाऊन झाल्यावर निवांत बसतं आणि वेळ भरत आली की टोचा वाढवतं. घड्याळ पोटातच असल्यासारखं. पण दाणे कधी मिळतील याचा नेमच नसेल, तर ते एका लयीत टोचतच राहतं. पुढे दाणे पार बंद केले तरी, दर टोचीला दाणे मिळालेल्या कबुतरापेक्षा अधूनमधून मिळालेलं कितीतरी जास्त चिकाटी धरतं. कोथरूडच्या पारव्यांना तुम्ही नेमकी हीच चिकाटी शिकवताय!

मानसशास्त्रज्ञ स्किनरने 1948 मध्ये आणखी एक गंमत नोंदवली. उपाशी कबुतरांपुढे दर 15 सेकंदांनी दाणे यायचे, ती काहीही करोत. तरी 8 पैकी 6 जणांनी आपापले विधी सुरू केले. एक गोल गिरक्या घेई, एक पेटीच्या वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसी. सचिन खेळत असताना तुम्ही आम्हाला जागेवरून हलू द्यायचा नाहीत, त्यातलंच हे. (नंतरच्या संशोधकांनी या विधींचा वेगळा अर्थ लावला, तो भेटीत सांगेन.)

मला सगळ्यात आवडतो तो रॅक्लिन आणि ग्रीन यांचा 1972 चा प्रयोग. लगेच 2 सेकंद दाणे, की 4 सेकंद थांबून 4 सेकंद दाणे? समोर आलं की कबुतरं लगेचचंच घेत. पण तीच निवड बरीच आधी करायला दिली आणि मग बदलायची सोय ठेवली नाही, तर ती बहुधा मोठा वाटा निवडत.

तेव्हा बाबा, सकाळी ते कठड्यावर माना वेळावत असताना ठरवू नका. आदल्या रात्रीच ज्वारीचा डबा शेजारी देऊन टाका आणि जाळीवाल्याला बोलवा, पैसे मी पाठवते. दाणे बंद झाल्यावर सुरुवातीला ते जास्तच धुमाकूळ घालतील. तेव्हा विरघळलात तर पहिल्यापासून सुरू.

जाळीआधी कुंड्यांमागे अंडी-पिल्लं आहेत का बघा. असतील तर पिल्लं उडेपर्यंत थांबायचं, महिना-दीड महिन्याचा प्रश्न आहे. घाण कोरडी झाडू नका, आधी पाणी मारून भिजवा, तोंडाला मास्क लावा. आणि हे काम आईने करायचं नाही.

तुमची,
ताई