मंत्रीमहोदय, कूपनं कोण विकतंय तेवढं बघा

मा. मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

धर्मादाय संस्थांना निधी गोळा करण्यासाठी सोडत, हाउजी, कूपन असले खेळ घ्यायचं लायसन्स द्यायचं का, आणि द्यायचं तर कोणत्या अटींवर, याचा विचार तुमच्या खात्यात चालू आहे असं कानावर आलं म्हणून हे लिहितेय. मी काही कायद्यातली माणूस नाही. एका लहानशा रुग्णसाहित्य केंद्राची खजिनदार आहे, म्हणजे व्हीलचेअर, वॉकर, एअर बेड, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असलं सामान आम्ही लोकांना वापरायला देतो आणि काम झालं की परत घेतो, आणि गेली काही वर्षं पावतीपुस्तकं आणि बँकेचं पासबुक माझ्याकडे असल्यामुळे पैसे कुठून येतात आणि कुठे गळतात हे मला बऱ्यापैकी कळायला लागलंय.

आधी एक सांगते, कारण पहिला प्रश्न हाच येतो की देणग्या मागा ना, खेळ कशाला हवेत. आमचे जुने अध्यक्षही हेच म्हणायचे. पण देणगी कशाला मिळते ते बघा. नवीन व्हीलचेअर घ्यायची म्हटलं की तीन जण तयार होतात, कारण तिच्या पाठीवर आईवडिलांच्या नावाची पाटी लागते. त्याच व्हीलचेअरचं टायर गेलं, कॉन्सन्ट्रेटरचा फिल्टर बदलायचा आला, गोडाऊनचं भाडं थकलं, सामान पोचवणाऱ्या पोराचा पगार द्यायचा आला की कोणी नाही, फिल्टरवर पाटी कुठे लावणार. सोडतीचे पैसे असे असतात की ज्याने कूपन घेतलं तो ते कशावर खर्च करा हे सांगत नाही. आमच्यासारख्यांना हेच पैसे सगळ्यात जास्त लागतात.

म्हणून आम्ही मागे एकदा सोडत घेतली, लायसन्सची सोय नव्हती म्हणून फक्त सभासद आणि त्यांच्या घरच्यांपुरती, बाहेर एकही कूपन विकलं नाही. आणि त्यात आमच्याकडूनच घोळ झाला तोही सांगते. एका सभासदाकडचं बुकलेट अर्धंच विकलं गेलं होतं, उरलेली कूपनं फाडून बाजूला ठेवायला हवी होती, ती गडबडीत विकलेल्यांच्या स्थळप्रतींबरोबर ड्रममध्ये गेली. दुसऱ्या बक्षिसाचा नंबर निघाला आणि त्या नंबरला मालकच नाही. परत चिठ्ठी काढली, सगळ्यांसमोर काढली, तरी मागच्या रांगेतून कोणीतरी "ठरलेलंच असणार" असं म्हणालंच. आम्ही एक पैसा खाल्ला नव्हता, पण ते वाक्य मला महिनाभर पुरलं. त्या दिवसापासून माझं मत झालं की चक्र फिरवणं वगैरे सगळं सोपं असतं, खरा प्रश्न कूपन छापल्यापासून पैसे बँकेत जाईपर्यंत ते कोणाकोणाच्या हातातून जातं हा असतो. किती छापली, किती विकली, किती परत आली, किती पैसे जमले, हे चार आकडे जुळले पाहिजेत आणि ते जुळवणारी माणसं दोन पाहिजेत, एक नाही.

त्यानंतर आमच्याकडे एक गृहस्थ आले. इव्हेंटवाले. अगदी गोड बोलणं. म्हणाले तुम्ही कशाला दगदग करता, लायसन्स सुरू झालं की आम्ही दर आठवड्याला हाउजी लावतो, हॉल आमचा, माणसं आमची, तिकिटं आमची, बक्षिसं आमची, तुमचं फक्त रजिस्ट्रेशन आणि एक सही. महिन्याला ठरलेली रक्कम तुमच्या खात्यात. मी विचारलं एकूण किती जमणार आणि त्यातले आम्हाला किती, तर म्हणाले ताई त्या भानगडीत तुम्ही पडू नका, तुम्हाला तुमची रक्कम मिळाल्याशी मतलब.

मंत्रीमहोदय, हे पत्र खरं तर त्या गृहस्थांबद्दलच आहे. लायसन्स निघालं की पहिला अर्ज अशांचाच येणार, फक्त त्याच्यावर सही आमच्यासारख्या कोणाची तरी असणार.

हे मी मनाचं सांगत नाहीये. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात हे होऊन गेलंय. तिथे धर्मादाय संस्थांना बिंगोची, म्हणजे आपल्या हाउजीच्या भावंडाची, परवानगी होती आणि १९८० च्या दशकात असे हॉल उभे राहिले की संस्था कागदावर आणि धंदा दुसऱ्याचाच, वर तपासणी करणाऱ्यांना आणि राजकारण्यांना हप्ते. एफबीआयने 'ऑपरेशन रॉकी टॉप' नावाने चौकशी केली, ५० च्या वर लोक दोषी ठरले आणि १९८९ मध्ये त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने बिंगो म्हणजे लॉटरीच आहे आणि ती राज्यघटनेत बसत नाही असं म्हणून सगळंच बंद केलं. म्हणजे चोरांबरोबर खऱ्या संस्थाही गेल्या. २००२ मध्ये घटनादुरुस्ती करून परत दार उघडलं ते इतकंच, की संस्थेला वर्षातून एक कार्यक्रम आणि त्यालाही विधिमंडळाची दोन तृतीयांश मतांनी मंजुरी लागणार. आता एका व्हीलचेअरवाल्या संस्थेच्या सोडतीसाठी विधिमंडळाने मतदान करायचं हे मला तरी अतीच वाटतं, पण दुधाने तोंड पोळलेलं राज्य आहे ते, ताक फुंकून पिणारच. फ्लोरिडात २०१३ मध्ये माजी सैनिकांच्या नावाने चालणाऱ्या इंटरनेट गेमच्या दुकानांवर धाडी पडल्या, तपास करणाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे जमलेल्या पैशातला जेमतेम २ टक्के धर्मादाय कामाला गेला होता, आणि त्या प्रकरणात राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नरांना, म्हणजे गव्हर्नरच्या खालोखालच्या पदावरच्या व्यक्तीला, राजीनामा द्यावा लागला. बोर्डावर सैनिकांचं नाव होतं ना, आत जाऊन कोण विचारणार.

दुसरं टोकही नको. असली प्रकरणं वाचून तुमचे अधिकारी एक चाळीस पानी अर्ज बनवतील, चार ना-हरकत दाखले, दोन प्रतिज्ञापत्रं, पोलीस पडताळणी, आणि त्यात नेमकं काय होईल माहितीये का, आमच्यासारखे गळून जातील आणि ते गृहस्थ टिकतील कारण त्यांच्याकडे अशी कामं करायला पगारी माणूस आहे. मी एका साध्या दाखल्यासाठी एका सरकारी ऑफिसात पाच खेपा घातल्यात, दर खेपेला वेगळा कागद कमी. सोडत जेवढी लहान तेवढा कागद कमी हे तत्त्व पाहिजे.

ब्रिटनमध्ये हे बऱ्यापैकी डोकं लावून केलंय असं मला वाटतं. त्यांच्या २००५ च्या गॅम्बलिंग ॲक्टमध्ये पायऱ्या आहेत. एखाद्या कार्यक्रमात तिथल्या तिथे कूपनं विकून सोडत काढायची असेल तर परवानगीच लागत नाही, फक्त जमलेल्या पैशातून खर्चासाठी १०० पौंड आणि बक्षिसांसाठी ५०० पौंडांच्या वर काढायचे नाहीत, कोणी बक्षीस दान दिलं तर ते वेगळं. त्याच्या वरची पायरी म्हणजे एका सोडतीत २०,००० पौंड आणि वर्षाला २,५०,००० पौंडांपर्यंतची विक्री, त्यासाठी स्थानिक कौन्सिलकडे नुसती नोंदणी, फी पहिल्यांदा ४० पौंड आणि मग दरवर्षी २०. सोडत झाली की ३ महिन्यांत हिशेब द्यायचा, त्याच्यावर संस्थेच्या दोन सभासदांच्या सह्या. मोठ्यांना मात्र गॅम्बलिंग कमिशनचं पक्कं लायसन्स. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की संस्थेच्या वतीने बाहेरचा कोणी सोडत चालवणार असेल तर त्याला स्वतःच्या नावावर वेगळं लायसन्स घ्यावं लागतं, संस्थेच्या सहीमागे लपता येत नाही. जमलेल्यातले कमीत कमी २० टक्के संस्थेच्या कामाला गेलेच पाहिजेत अशीही अट आहे. २० मला फार कमी वाटतात, कूपन घेणाऱ्याला कोणी सांगितलं की तुझ्या शंभरातले ऐंशी बक्षिसं आणि खर्चात जाऊ शकतात तर तो दुसऱ्यांदा घेणार नाही, पण निदान आकडा लिहिलेला तरी आहे. तुम्ही लिहाल तेव्हा जरा वरचा लिहा, आणि तो कूपनावर छापायला लावा.

अमेरिकेतलीच पण चांगली गोष्टही आहे. तिथल्या आयकर खात्याचा नियम असा की खेळाचं जवळपास सगळं काम, ढोबळ हिशेबाने ८५ टक्के, बिनपगारी स्वयंसेवकांनी केलं असेल तर त्या उत्पन्नावर संस्थेला धंद्यासारखा कर लागत नाही. आणि बिनपगारी म्हणजे खरंच बिनपगारी, खेळणाऱ्यांनी हातात टिप ठेवली तर तोही मोबदलाच धरतात. खेळांमधून वर्षाला १५,००० डॉलरच्या वर जमा झाले तर वार्षिक विवरणाला एक जादा परिशिष्ट जोडायचं, त्यात सरळ विचारलंय की स्वयंसेवकांनी किती टक्के काम केलं, बाहेरच्या कोणाशी करार आहे का, असला तर त्याच्याकडे किती राहिले आणि संस्थेला किती मिळाले. आणि हे विवरण कोणालाही बघता येतं! आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनी ज्या भानगडीत पडू नका म्हणून सांगितलं तीच भानगड तिथे छापील फॉर्मवर आहे. अर्जात बाकी काही नसलं तरी चालेल, एवढे तीन प्रश्न असू द्या.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात तर कॅसिनोसुद्धा असे चालतात की संस्थेला दोन दिवस मिळतात, त्या दोन दिवसांत संस्थेची माणसं कॅश काउंटरवर आणि मोजणीच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत बसतात, आणि मग त्या भागातल्या कॅसिनोंचे तीन महिन्यांचे पैसे एकत्र करून संस्थांमध्ये सारखे वाटले जातात. सारखे म्हणजे त्या त्या भागात सारखे हं, मोठ्या शहरांतल्या संस्थांना जास्त मिळतात आणि नंबरही लवकर लागतो, बाहेरच्यांना कमी आणि उशिरा, ही तक्रार तिथे कित्येक वर्षं चालू आहे. कॅसिनो मागायचा माझा अजिबात विचार नाही, उगाच गैरसमज नको. पण मोजायला संस्थेचीच माणसं बसवायची ही कल्पना बघा, ज्याला पैसे मिळणार त्याने स्वतः झोप मोडून मोजायचे.

आता जुगाराचा मुद्दा. तो खोटा नाही आणि मी तो टाळणार नाही. वर्षातून एकदा कूपन घेणारा माणूस आणि आठवड्यातून चार रात्री हॉलमध्ये बसणारा माणूस यात फरक आहे, त्या दुसऱ्या माणसाच्या घरात आम्हालाच एक दिवस सामान पोचवायला जावं लागेल. म्हणून दर संस्थेला वर्षात मोजकेच कार्यक्रम, उधारीवर तिकीट नाही, लहान मुलांना विकायचं नाही, मुलांना विकायलाही लावायचं नाही. मशीन तर नकोच. अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यात संस्थांच्या नावाने कागदी पुल-टॅब विकले जायचे, पट्टी ओढायची आणि आत काय निघालं ते बघायचं. २०१२ मध्ये ते टॅब्लेटवर आणायला परवानगी दिली, का, तर त्याच्या करातून फुटबॉलचं स्टेडियम बांधायचं होतं. मग स्क्रीनवरचा खेळ इतका स्लॉट मशीनसारखा झाला की २०२३ मध्ये कायदा बदलून एका टचमध्ये सगळ्या पट्ट्या उघडायची सोय २०२५ पासून बंद करायला लागली. स्टेडियमचं वाचून मला हसू आलं आणि मग जरा भीती वाटली, कारण उद्या तुमच्याही खात्यात कोणीतरी म्हणेल की संस्था एवढे जमवतायत तर आपणही थोडा कर लावू, आणि एकदा सरकारला त्या पैशाची सवय लागली की खेळ कमी करा असं सांगणारं कोणी उरणार नाही. फी घ्या, पण तपासणीचा खर्च निघेल एवढीच.

तपासणीवरून आठवलं, माणसं किती आहेत हो तुमच्याकडे? लायसन्स देणारे दहा आणि सोडतीला प्रत्यक्ष येऊन बसणारा एकही नाही असं होणार असेल तर सगळ्या अटी कागदावरच राहणार. सगळीकडे जाऊ नका, शंभरात पाच ठिकाणी न सांगता जा आणि तेच चार आकडे मागा, छापली किती, विकली किती, परत किती, जमा किती. ज्याच्याकडे परत आलेली कूपनं दाखवायला नाहीत त्याला पुढच्या वर्षी लायसन्स नाही, बस. आमच्या त्या फसलेल्या सोडतीच्या स्थळप्रती आणि ते अर्धवट बुकलेट अजून माझ्या कपाटात आहे, कोणाला ते बघायला पाठवायचं असेल तर पाठवा, चूक कशी होते ते दाखवायला चांगला नमुना आहे.

त्या गृहस्थांचा परवा परत फोन आला होता. लायसन्सचं काय झालं विचारत होते. मी म्हटलं अजून काही नाही, मंत्र्यांना पत्र लिहितेय, तर लगेच म्हणाले मग त्यात आमचाही उल्लेख करा ना ताई, अनुभवी माणसं आहोत.

केलाय उल्लेख.

आपली,
एका रुग्णसाहित्य केंद्राची खजिनदार