तीन फुटी गेज आणि सोयेरची संत्री

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी मायोर्का बेटावरच्या सोयेरच्या छोट्या रेल्वेबद्दल, डोंगर, समुद्र, संत्र्यांच्या बागा असं रंगात येऊन सांगत होते आणि बाबांनी मधेच विचारलं, "ते असू दे, गेज किती?" मी तोंड उघडेपर्यंत तुमच्याकडचे लाइट गेले आणि त्यांच्याबरोबर वायफायही. तर बाबा, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ९१४ मिलिमीटर. पक्के तीन फूट. आपल्या कुर्डुवाडीची जुनी छोटी रेल्वे, बार्शी लाइट, ७६२ची, म्हणजे अडीच फुटी. हिच्यात आणि तिच्यात अर्ध्या फुटाचा फरक.

मायोर्का हे स्पेनचं बेट, भूमध्य समुद्रातलं. ईस्टरच्या सुट्टीत तिथे चाललोय असं इथे स्टुटगार्टच्या ऑफिसात सांगितलं, तर सगळे हसले. जर्मन लोक चेष्टेने त्या बेटाला आपलं सतरावं राज्य म्हणतात, इतके तिथे जातात. बहुतेक जण वाळूत आडवे होतात आणि लाल होऊन परत येतात. तुमच्या जावयांचाही तोच बेत होता, पण मी आणि तुमची नात, आम्ही दोघींनी मिळून तो हाणून पाडला.

बेटाच्या वायव्येला त्रामुंताना नावाची डोंगररांग उभी आहे. तिच्या पलीकडे, डोंगर आणि समुद्राच्या मधल्या खोलगट दरीत सोयेर हे गाव. बेटाची राजधानी पाल्मा. पाल्मा ते सोयेर २७ किलोमीटर, म्हणजे कुर्डुवाडीहून बार्शीला जाण्यापेक्षाही कमी. पण मधे डोंगर आडवा. पूर्वी घोडागाडीने घाट चढून उतरायचा, त्यात अख्खा दिवस मोडायचा. त्यापेक्षा सोयेरच्या लोकांना बोटीने फ्रान्स सोयीचं. संत्री बंदरावर जायची आणि तिथून थेट मार्सेयला. १८६०च्या सुमारास बागांवर रोग पडला तेव्हा अर्धी दरी पोटासाठी फ्रान्सला गेली, फळांची दुकानं काढली, पैसा कमावला आणि गावाकडे पाठवला. आजही तिथल्या जुन्या घरांच्या खिडक्या फ्रेंच धाटणीच्या दिसतात.

या पैशातून रेल्वे झाली. आधी डोंगराला वळसा घालून न्यायचं घाटत होतं, ते परवडेना. मग जेरोनी एस्तादेस नावाच्या गावातल्याच व्यापाऱ्याने आणि पेरे गाराऊ या इंजिनिअरने ठरवलं, वळसा नको, सरळ डोंगर फोडू. १६ एप्रिल १९१२ला पहिली गाडी सुटली. शेअर घेणारे गावकरीच. बार्शी लाइटचे मालक लंडनला बसलेले आणि इथले मालक संत्र्याच्या बागेत, एवढाच काय तो फरक. (एवढाच नाही, हे मला माहीत आहे. पुढे येतेच.) सरकारी अनुदानाला लाइन ३० किलोमीटरची हवी होती आणि ही भरत होती २७. म्हणून सोयेरपासून बंदरापर्यंत पाचेक किलोमीटरची ट्राम जोडून दिली, असं तिथे सांगतात. सरकारी नियमांतून वाट काढणं फक्त आपल्यालाच जमतं असं नाही.

आता बाबांसाठी. लाइनवर तेरा बोगदे. सगळ्यात मोठा २,८७६ मीटर, जवळजवळ तीन किलोमीटर, सरळ आल्फाबियाच्या डोंगराच्या पोटातून. सुरुवातीला वाफेची इंजिनं होती. तीन किलोमीटरच्या बोगद्यात चढावर कोळशाचं इंजिन, डब्यांना लाकडी खिडक्या; पुढचं तुम्हाला सांगायला नको. लोक बोगद्यातून काळे होऊन बाहेर पडत. म्हणून १४ जुलै १९२९ला लाइन विजेवर आली, १,२०० व्होल्ट, डी.सी. मुंबईत कुर्ला लोकल १,५००वर धावली ती १९२५ला, म्हणजे चारच वर्षं आधी. आणि बाबा, तेव्हा आणलेले विजेच्या मोटरचे डबेच आजही गाडी ओढतात! बांधणी झारागोझाच्या कारखान्यातली, विजेचं सामान सीमेन्स-शुकर्टचं. चढ हजारी २३ (हजार मीटरला २३ मीटर), म्हणजे साधारण १ इन ४३. बोरघाटाच्या १ इन ३७पुढे तुम्ही नाक मुरडाल, पण ही गाडी सोयेरच्या बाजूला सात किलोमीटरांत दोनशे मीटर उतरते आणि त्यासाठी डोंगराच्या अंगावर वेटोळी घेते.

पाल्माचं स्टेशन छोटंसं, गर्दीच्या चौकाला लागून. डबे सागवानी रंगाचे, व्हार्निश मारून इतके चकचकीत की मला जरा जास्तच वाटलं. चालत्या गाडीला एवढी पॉलिश असत नाही. पण आत चढल्यावर मत बदललं. लाकडी बाकं, पितळी दिवे, डब्याच्या दोन्ही टोकांना कठड्याचे उघडे सज्जे. बाकांच्या पाठी उलटसुलट करता येतात. गाडी परतीला लागायच्या आधी एक माणूस डब्यातून चालत जातो आणि दोन्ही हातांनी दोन्हीकडच्या पाठी ओढत जातो. खाट, खाट, खाट, करत डबा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतो आणि सगळ्यांची तोंडं पुन्हा इंजिनाकडे. नातीने ते बघितलं आणि मग वाटेत ती आमच्या बाकाची पाठ सारखी फिरवत होती. समोरच्या फ्रेंच आजोबांनी काही म्हटलं नाही. आजोबा सगळीकडचे सारखेच.

पहिली पंधरा-वीस मिनिटं अगदी सामान्य आहेत, हे आधीच सांगून ठेवते. गाडी भर रस्त्यातून जाते, मोटारी थांबतात, मागच्या बाजूच्या गॅलऱ्यांमधलं वाळत घातलेलं दिसतं, भिंतींवर रंगवलेली अक्षरं. मग सपाट माळ, बदाम आणि ऑलिव्हची झाडं. बुन्योला नावाचं हिरव्या खिडक्यांचं गाव येतं आणि समोर डोंगर एकदम अंगावर येतो. तिथून बोगद्यात शिरलो की गार वारा, कानठळ्या आणि पिवळे दिवे. बोलणं बंदच. पोरं ओरडतात, मोठी माणसं मोबाइलचा उजेड पाडतात.

आणि बोगदा संपला की दरी. बाबा, फोटो पाठवलेत, पण फोटोत खोली येत नाही. गाडी एका ठिकाणी मुद्दाम थांबते, लोक उतरून कठड्याशी उभे राहतात. खाली सोयेरची कौलं, मधे देवळाचा मनोरा, चारी बाजूंनी राखी दगडाचे कडे. उतारावर दगडी ताली, म्हणजे माती अडवणारे बांध, रचल्यात, चुना-सिमेंटचा थेंब नाही, नुसता दगडावर दगड; आपल्या माणदेशातल्या ताली कुणीतरी घासून-पुसून डोंगरभर उभ्या केल्यात असं वाटतं. प्रत्येक तालीवर ऑलिव्हची झाडं, खोडं पिळवटलेली. या ताली आणि पाण्याचे पाट यांच्यासाठीच २०११ला युनेस्कोने अख्खी त्रामुंताना वारसा यादीत घातली. निसर्गासाठी नाही, माणसांनी केलेल्या शेतीसाठी. मला हे फार आवडलं.

उतरताना पाच कमानींचा एक पूल लागतो. वळणावर आपल्याच गाडीचा पुढचा डबा खिडकीतून दिसतो. ब्रेकचा चर्र आवाज आणि तापलेल्या लोखंडाचा वास डब्यात आला, आणि मला एकदम कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून घरी आलेल्या तुमच्या निळ्या कपड्यांची आठवण झाली. सोयेर स्टेशनाच्या मागेच त्यांचं वर्कशॉप आहे. दार उघडं होतं. एक माणूस गुडघ्यावर बसून ब्रेक ब्लॉकच्या पिनेला ग्रीस लावत होता. आधी चिंधीने पुसलं, मग बोटाने चाचपून पाहिलं, मग ग्रीस. तुम्ही नेहमी म्हणता ना, की डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. तो माणूस तुमचं ऐकून बसला होता.

नॅरो गेज गेली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, आमचं सगळं भंगारात गेलं. मी तिथे उभी राहून त्याचा विचार करत होते. खरं सांगू का, पंढरपूरची लाइन ब्रॉडगेज झाली ते बरंच झालं. वारीला टपावर बसून जाणाऱ्यांना विचारा. सोयेरची गाडी टिकली यात शहाणपणापेक्षा नशीब जास्त आहे. बेटावरच्या बाकीच्या बऱ्याच लाइनी १९६० आणि ७०च्या दशकांत बंद पडल्या. ही खासगी होती आणि तिच्या वाटेवर बघण्यासारखं होतं, म्हणून पर्यटकांनी तारली. १९९७ला मोटारींसाठी डोंगरातून बोगदा झाला आणि गावकरी बसने जायला लागले. बस अर्ध्या तासात पोचते, गाडीला तास लागतो, आणि तिकीट आमच्यासारख्यांच्या खिशातून चांगलंच उकळतात. रोजची गाडी म्हणून ती संपलीच आहे. पण तिची दुरुस्ती अजून त्याच गावात, तिथल्याच हातांनी होते. त्या दारात तुम्ही असतात तर तो माणूस आणि तुम्ही, एकमेकांची भाषा येत नसताना, तासभर बोलत बसला असतात. आईने हाक मारून मारून कंटाळून एकटीने ट्राम पकडली असती.

आता आईचं. सोयेरचं स्टेशन म्हणजे सतराव्या शतकातला जाड भिंतींचा वाडा आहे. खालच्या खोल्यांत पिकासोच्या मातीच्या थाळ्या मांडल्यात, अगदी प्लॅटफॉर्मला लागून. बाहेर पडलं की ट्राम उभी. ती चौकात शिरते, देवळासमोर कॉफी पीत बसलेल्या लोकांच्या टेबलांना जवळजवळ घासत जाते, कुणी खुर्चीसुद्धा हलवत नाही. देवळाचा दर्शनी भाग बांधला तो बार्सिलोनाचा प्रसिद्ध वास्तुकार गौदी याच्या शिष्याने, आणि शेजारची बँकही त्याचीच. बँकेच्या खिडक्यांचं लोखंडकाम इतकं नाजूक की तू रांगोळीत उतरवून काढशील.

मग ट्राम परसांमधून जाते. एप्रिल होता, त्यामुळे एकाच झाडावर पिकलेली संत्री आणि पांढरी फुलं, दोन्ही. हात बाहेर काढू नका असं लिहिलंय, पण वास आत येतो त्याला कोण अडवणार? शेवटी बंदर, जवळजवळ गोल, पाणी संथ.

याच किनाऱ्यावर ११ मे १५६१ला अल्जीरियाकडचे समुद्री चाचे उतरले होते. गावकऱ्यांनी त्यांना हाकललं. त्यात दोन बहिणींनी घरात घुसलेल्या चाच्यांना दाराच्या अडसराने लोळवलं. आजही दर मे महिन्यात गावात ती लढाई खेळतात, तोंडं रंगवून, बंदुकांचे बार काढून, आणि त्या दोघी बहिणींचा मान वेगळा. तुला आवडेल म्हणून लिहिलं. तू पण अडसर घेऊनच झोपतेस.

खाण्याची काळजी करू नकोस. तिथला प्रसिद्ध गोड पदार्थ एन्साइमादा, गोगलगाईसारखा गुंडाळलेला, वर पिठीसाखर. तो मात्र डुकराच्या चरबीत करतात, तेव्हा लांबूनच बघ. पण पावाला टोमॅटो चोळून वर ऑलिव्ह तेल आणि मीठ घालून देतात, ते माळकऱ्यालाही चालेल. आणि संत्र्याचा रस, समोर पिळून. जावयांनी तिसरा पेला मागितला तेव्हा दुकानवाली बाई त्यांच्याकडे बघून हसली आणि चौथा न विचारता ठेवला.

तर पुढच्या एप्रिलला तुम्ही दोघं इकडे यायचं. उन्हाळ्यात नको, गर्दीही मरणाची आणि ऊनही. आधी आमच्याकडे जर्मनीला, मग आपण सगळे मिळून तिकडे. शेंगेन व्हिसा एकच चालतो. आमंत्रणाचा कागद मला इथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून काढावा लागेल, माझी पगारपत्रकं दाखवून तुमचा सगळा खर्च मी करेन असं लिहून द्यायचं असतं. बाबा, "मुलीच्या पैशावर" वगैरे सुरू करू नका, तो त्यांचा नियम आहे. आईच्या गुडघ्याचं मी बघून आले. डब्याच्या पायऱ्या उंच आहेत, पण कठड्याला धरायला दोन्हीकडे दांडा आहे आणि चढवायला गार्ड हात देतो. माझ्यासमोर त्याने आईच्याच वयाच्या दोघीतिघींना चढवलं. ट्रामला एकच पायरी जास्त आहे. सज्ज्यात उभं राहायचा हट्ट फक्त बाबांनी धरायचा, तुझी जागा खिडकीशी.

बाबा, तुमचं बी.पी. आणि आईची शुगर, दोन्हींचे ताजे रिपोर्ट डॉक्टरांकडून घेऊन ठेवा, प्रवासाच्या विम्याला लागतील. दादाला सांगितलंय, तो फॉर्म भरून देईल. व्हिसाची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून दिवाळी झाली की लगेच हलायचं.

नात विचारते, आजोबा मोटरमनच्या शेजारी बसू शकतात का. मी म्हटलं, विचारून बघू.

सगळ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची
धाकटी

ता. क. आईचा पासपोर्ट पुढच्या जूनमध्ये संपतोय. परत निघायच्या तारखेनंतर तीन महिने तरी तो चालू असावा लागतो, तेव्हा या महिन्यातच नूतनीकरणाला टाका. जुना फोटो चालणार नाही, नवा काढा, आणि बाबांनी स्टुडिओत मधे बोलायचं नाही.