शेल-हाच्या खाडीबद्दल, बाबूस

प्रिय बाबू,

मेक्सिकोत पर्यटकांना पाण्यात कसं उतरवतात, हे तू फोनवर सारखं विचारत होतास. ते असं उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो. तुझ्या मालवणच्या होडीच्या धंद्याचं असेल तेवढं नीट वाच, बाकीचं वहिनींना वाचून दाखव.

आम्ही गेलो ते शेल-हा नावाच्या वॉटर पार्कला. ह्यूस्टनहून विमानाने कानकून आणि तिथून तुलुमच्या रस्त्याला दीडेक तास गाडीने. वॉटर पार्क म्हटल्यावर मी क्लोरीनचा वास आणि भोंग्यावरची गाणी अशी तयारी ठेवली होती. पण शेल-हा म्हणजे मुळात एक खाडी, तिला धरूनच पार्क उभारलंय. युकातानची, म्हणजे या भागाची, जमीन सगळी चुनखडीची. पावसाचं पाणी मुरतं ते थेट खालच्या गुहांत, त्यामुळे वर नदी म्हणून दिसतच नाही. ते पाणी इथे जमिनीतून बाहेर पडून समुद्राला मिळतं. जुन्या काळी माया लोकांचं बंदर होतं इथे. जागा बघितलीस तर तूही होडी इथेच लावली असतीस.

सायकलवरून वर उगमाकडे जायचं आणि ट्यूबमध्ये बसून कांदळवनातून वाहत खाली यायचं. ही ट्यूब मी लवकरच सोडली आणि मास्क लावला. गोडं पाणी हलकं, म्हणून ते वर तरंगतं, खारं खाली. दोन्ही मिळतात तिथे नजर एकदम धूसर होते. गरम पाण्यात साखर विरघळताना रेघा दिसतात ना, तसं. मला वाटलं मास्कवर वाफ धरली, म्हणून काढून पुसला, तरी तेच! हात खाली सोडला तर पाणी कोमट, आणि पाठीला मात्र गार. आपल्याकडे बुडी मारली की खाली गार लागतं, इथे सगळं उलटं. तो पट्टा ओलांडला की पुन्हा लख्ख. पोपटमासे दगडावरचं शेवाळ खरवडत होते, त्यांच्या दातांचा करकर आवाज पाण्यात स्वच्छ ऐकू येतो. तळाला एक पाकट वाळू उडवत निघून गेलं. घसरगुंड्या, जेवण, हॅमॉक हे सगळंही आहे. जेवण तिकिटातच, आणि बरं होतं.

आता तुझ्या कामाचं. लाइफ जॅकेट सक्तीचं, कितीही पट्टीचा पोहणारा असो. त्यामुळे कोणी तळाला पाय टेकत नाही आणि प्रवाळ वाचतं. दुसरं म्हणजे साधं सनस्क्रीन चालत नाही. दारातच ठेवून घेतात, पाण्याला न बाधणारं देतात आणि जाताना तुमचं परत करतात. मालवणात हे उद्यापासून करता येईल, खर्च फारसा नाही.

डॉल्फिनसोबत पाण्यात उतरायचे पैसे वेगळे होते. मी गेलो नाही, लेकीने हट्ट केला म्हणून तिला पाठवलं आणि काठावर उभा राहिलो. घड्याळ, कानातलं सगळं काढून ठेवायला लावलं. शिट्टी वाजली की डॉल्फिन यायचा, तिच्या गालाला तोंड लावायचा, मासा मिळाला की पुढच्या पोरीकडे. लेक हरखली होती, तिला काय बोलणार? मला मात्र तो शिट्टी आणि माशाचा हिशेब बघवेना. आम्ही जाऊन आलो त्यानंतर, 2025 साली, मेक्सिकोच्या संसदेने डॉल्फिनसारख्या सागरी सस्तन प्राण्यांच्या खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. आपल्याकडे 2013 मध्येच केंद्राने डॉल्फिनेरियमना, म्हणजे डॉल्फिन कोंडून खेळ दाखवणाऱ्या जागांना, नकार दिला होता.

पण बाबू, आपणही फार सोवळे नाही हं. डॉल्फिनची पाठ दिसली की चार होड्या इंजिन फुल्ल करून तिच्या मागे लागतात, हे मी सिंधुदुर्गासमोर बघितलंय. तू लागत नसशील, पण तुझा तो भाचा लागतो. त्याला सांग, इंजिन बंद करून जरा थांब, यायचं असेल तर ते आपण होऊन जवळ येतात. गिऱ्हाईकही तेवढा वेळ शांत बसेल.

दिवाळीनंतर येतोय. येताना मास्क आणीन, लहान मुलांच्या मापाचे हवेत का ते कळव. मोठा मास्क त्यांच्या तोंडाला बसत नाही, कडेने पाणी शिरतं आणि पोरं घाबरतात. काकींना नमस्कार.

तुझा,
सुधीर