दादा, थर्मोस्टॅट परत बसव

ब्रँडन, मॅनिटोबा
फेब्रुवारी, रविवार

ती. आप्पा व ती. आई यांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार. बेबीला आणि छकुलीला अनेक आशीर्वाद.

मी इथे खुशाल आहे. पत्रास कारण की, मागे फोनवर माझ्या गाडीच्या हीटरचा विषय निघाला आणि वहिनी सांगत होती की तेव्हापासून आई रात्री उठून बसते. फोनवर आप्पांना नीट ऐकू येत नाही, दादा गाडीवर असला की निम्मं बोलणं वाऱ्यात जातं, म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवतोय. छकुलीने मोठ्याने वाचून दाखवावं. गाडीचं जिथे आहे ते मात्र दादा घरात असतानाच वाचायचं, कारण ते त्याच्यासाठीच लिहिलंय.

आई, आधी तुझं. गाडी दुरुस्त झाली. हीटर आता इतका गरम वारा टाकतो की जॅकेटची चेन उघडावी लागते. आणि ती रस्त्यात कधी बंद पडलीच नव्हती, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. तू फक्त ‘हीटर गेला’ एवढंच धरून बसलीस. समजा पडलीच बंद, तरी मागच्या सीटवर घोंगडी, फावडं, खायला काहीतरी, मेणबत्ती आणि काडेपेटी कायम असते. इथे सगळेच ठेवतात. बर्फात अडकलं तर काच किंचित खाली करून एक मेणबत्ती लावली तरी गाडीत तग धरण्यापुरती ऊब राहते. आमचा वर्कशॉप गावाबाहेर असला तरी रस्ता हायवेचा आहे, वर्दळ असते. मी वाळलेलोही नाही. व्हिडिओ कॉलवर तू मला नेहमी त्या जाड जॅकेटात बघतेस, एकदा ते काढलेलं पाहिलंस आणि घाबरलीस. भाकरी मी रोज करतो. ज्वारीचं पीठ मिळतं, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) मिळत नाही, एवढाच फरक.

आप्पा, मागे गाडीचा फोटो पाठवला तेव्हा तुम्ही विचारलंत की पुढच्या जाळीतून ही वायर कसली लोंबतेय, कोणी तोडून ठेवलीय का. तोडलेली नाही. इथे गाडीला रात्री विजेवर लावावं लागतं. बॅटरीवरच्या गाड्यांचं म्हणत नाही मी, आपल्यासारख्या डिझेलच्या आणि पेट्रोलच्या गाड्यांचं म्हणतोय. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये एक हीटर बसवलेला असतो, पाणी तापवायच्या कॉइलसारखंच त्याचं काम. त्याची वायर पुढून बाहेर काढलेली, टोकाला साधा प्लग. घराच्या भिंतीला बाहेरच्या बाजूने बोर्ड, ऑफिसच्या पार्किंगमध्ये प्रत्येक जागेपुढे एक खांब आणि त्यावर बोर्ड, दवाखान्यात तेच. कोणाकडे पाहुणे म्हणून गेलं तर यजमान चहाच्या आधी विचारतो, गाडी लावलीस का, आणि स्वतः एक्स्टेंशनची वायर घेऊन बर्फात जातो. उन्हाळ्यातही त्या वायरी तशाच लोंबत असतात, काढून ठेवायचा कोणी त्रास घेत नाही. मला पहिल्या हिवाळ्यात हे बघून काही सुधरतच नव्हतं. शेकडो गाड्या ओळीने उभ्या, बाहेर चिटपाखरू नाही, आणि प्रत्येक गाडीच्या तोंडातून एक वायर खांबाला गेलेली.

बिल किती येतं हे तुम्ही विचारालच. रात्रभर नाही लावायचं. टायमर असतो, पहाटे निघायच्या दोन-चार तास आधी चालू होतो, तेवढं पुरतं. आईने शॉकची काळजी करू नये, वायर आणि प्लग बर्फापाण्यात चालेल असेच बनवलेले असतात.

डिझेलला तर याशिवाय गतीच नाही. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. डिझेलमध्ये ठिणगी नाही, पिस्टन हवा दाबतो, ती दाबून तापते आणि त्या तापावर डिझेल पेटतं. आता उणे ३० ला ब्लॉक असा गारठलेला असतो की दाबलेल्या हवेची सगळी उष्णता लोखंडच पिऊन टाकतं. सिलिंडर आतून तापवायला ग्लो प्लग असतात, पण एवढ्या थंडीत ते एकटे पुरे पडत नाहीत. शिवाय डिझेलमध्येच मेण असतं, ते थंडीत गोठून फिल्टर तुंबवतं, म्हणून पंपावर हिवाळ्याचं वेगळं डिझेल येतं. आणि चालू करून नुसती उभी ठेवली तर डिझेल गाडी तापत नाही, कारण उभ्या उभ्या ती डिझेल इतकं थोडं जाळते की पुरेशी उष्णता तयारच होत नाही.

आता दादा, तू ऐक.

माझ्या पिकअपचं झालं होतं असं. गावात सिग्नलवर तापमानाचा काटा थोडा वर यायचा, हायवेला लागलं की सरळ खाली. जेवढा वेग जास्त, तेवढं इंजिन थंड. हीटरमधून आधी कोमट आणि मग गार वारा, आतून काचेवर बर्फाचा पापुद्रा. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, तपासलं, पातळी बरोबर होती. मग सकाळी थंड इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपावर हात ठेवून उभा राहिलो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारी झडप. तो ठीक असेल तर तो पाइप बराच वेळ गारच राहतो आणि मग एकदम तापतो. माझा पहिल्यापासूनच हळूहळू कोमट व्हायला लागला. म्हणजे इंजिनाचं पाणी तापायच्या आधीच रेडिएटरला जात होतं आणि तिथे उणे ३० चा वारा त्याला गार करत होता. पार्ट येईपर्यंत रेडिएटरपुढे पुठ्ठा लावून चालवली. इथे ट्रकवाले हिवाळाभर पुढच्या जाळीला कापडी पडदा लावतात, त्यातलाच प्रकार.

बदलायला अवघड काही नव्हतं. थंड इंजिनावर कूलंट खाली काढलं, थर्मोस्टॅटवरच्या हाउसिंगचे (झाकणाचे) बोल्ट खोलले, जुनं गॅस्केट खरवडून बैठक आरशासारखी साफ केली. नवा बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, आणि कडेला जो बारीक भोकात हलणारा खिळा असतो तो वर. अडकलेली हवा तिथूनच निघते. बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळले नाहीत, टॉर्क पान्याने आवळले, कारण हाउसिंग ॲल्युमिनियमचं असतं, जोर झाला की तडकतं. मग अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड पाणी भरलं, ते साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. हीटर फुल करून आणि झाकण उघडं ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवलं.

जुना आणि नवा दोन्ही मी स्वयंपाकघरात पातेल्यात टांगून बघितले होते. दोऱ्याला बांधायचे, बुडाला टेकू द्यायचे नाहीत, शेजारी थर्मामीटर. त्याच्या पोटात पितळी डबी असते, डबीत मेण. मेण तापून वितळतं, फुगतं, दांडी ढकलतं आणि तोंड उघडतं. गार झालं की स्प्रिंग ते बंद करते. वीज नाही, सेन्सर नाही. जुना गार पाण्यातच उघडा होता, बैठकीत नख शिरेल एवढी फट. नवा ८८ अंशांचा. काटा सरकत होता, ८५ झालं, ८६ झालं, तो तसाच गप्प. ८८ च्या आसपास दोऱ्यावरच किंचित हलला आणि कडेने केसाएवढी रेघ दिसली. उकळी फुटेस्तोवर पूर्ण उघडला. आप्पा, पाटचारीचं दार असतं ना, तेच काम हा करतो, फक्त उघडझाप कोणी माणूस करत नाही.

माझ्या गाडीला ८२ चा आणि ८८ चा असे दोन मिळतात, थंडी बघून मी ८८ चा घेतला. आमच्या इथल्या एकाच्या छोट्या डिझेल कारचा थर्मोस्टॅट अशा अडचणीत होता की तिथे हातच पोचेना. त्याने मूळचा तसाच ठेवून वरचा पाइप कापला आणि मधे दुसरा बसवला. त्यालाही बारीक भोक पाडावं लागतं, नाहीतर गरम पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही आणि तो उघडणार कधी? चालतंय त्याचं, पण दोन जोड वाढले म्हणजे गळायच्या दोन जागा वाढल्या. मला ते पटलेलं नाही.

हे सगळं तुला सांगतोय ते यासाठी. मागच्या मे महिन्यात केळी भरून संभाजीनगरला जाताना अजिंठ्याच्या घाटात आपली पिकअप तापली, आणि मिस्तरीने थर्मोस्टॅट काढून फेकून दिला. म्हणाला, आपल्याकडे ४५ अंश ऊन, याची गरजच काय. मला हे तू दिवाळीत सांगितलंस आणि तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाहीये. दादा, गरज आहे. बहुतेक डिझेल इंजिनांत पाण्याला दोन वाटा असतात, एक रेडिएटरची आणि एक बायपासची, जिथून पाणी गार न होता परत इंजिनात येतं. थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की त्याची खालची चकती बायपास बंद करते. तोच काढला तर बायपास कायमचा उघडा. भर उन्हात, भरल्या गाडीने, घाटात, जेव्हा सगळं पाणी रेडिएटरमधून जायला हवं, तेव्हाच त्यातलं बरंचसं गरमागरम परत फिरतं. म्हणजे ज्या भीतीने काढला तीच खरी होते.

आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी ती पांढरा धूर सोडत होती, ॲव्हरेज पडलं होतं, ऑइल लवकर खराब होत होतं. तू डिझेलला शिव्या देत होतास. थंड इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही, न जळलेलं सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्येच उतरतं. त्यात लायनर-रिंगा झिजतात. इंजिनाचं काम महागात जातं, थर्मोस्टॅट काही शेकड्यांत येतो.

मग गाडी तापली कशाने? रेडिएटर बघ. आपण बोरचं पाणी ओततो. आपलं पाणी किती जड आहे ते आईच्या पातेल्याला बसणाऱ्या पांढऱ्या थरावरून दिसतं, तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. रेडिएटर उघडून साफ करून घे, झाकणाचं रबर बघ, फॅनचा पट्टा बघ. मग नवा थर्मोस्टॅट टाक, त्याच्या कडेवर अंश कोरलेले असतात, कंपनीने जेवढे दिलेत तेवढ्याचाच घे. बसवायच्या आधी पातेल्यात टांगून बघ, नवाही कधी खराब निघतो. आणि आतापासून बोरचं पाणी कायमचं बंद. मिस्तरी म्हणेल कशाला खर्च, तर माझं नाव सांग. मृगात लावलेल्या केळीच्या बागेची कापणी लागायच्या आत हे झालं पाहिजे. त्या घाटात तू एकटा असतोस, रात्रीचा असतोस, आणि मी इथून फोन लावण्यापलीकडे काही करू शकत नाही.

आता घरचं. सोसायटीच्या पीककर्जाचे पैसे ३१ मार्चच्या आत भरा, आप्पा, व्याजाची सवलत घालवू नका. मी परवा दोन लाख पाठवलेत, त्यातून आधी ते आणि मग बेबीच्या लग्नाच्या हॉलचा ॲडव्हान्स. गाडीचं काम त्यातच करा, वेगळे मागायला लाजू नका. मंडप, आचारी यांचं एप्रिलमध्ये पाठवतो. माझी अजिबात ओढाताण होत नाही, ओव्हरटाइम मिळतोय आणि हिवाळ्यात इथे जाऊन तरी कुठे जायचंय.

बेबी, तू ऐकत असशीलच. लग्न आखाजीनंतरचं (अक्षय्य तृतीयेनंतरचं) धरलंय, ते बदलू नका. माझं वर्क परमिट नूतनीकरणाला गेलंय. ते हातात येण्याआधी देश सोडला तर परत आल्यावर कामावर जायला अडचण येऊ शकते, आणि सध्या पगार थांबणं आपल्याला परवडणारं नाही. वेळेत आलं तर मी हळदीच्या आधी घरी. नाही आलं तर कानपिळी दादाने करायची, जोरात करायची, आणि मला व्हिडिओवर दाखवायची. तुला लहानपणी मी शब्द दिला होता, तो मला आठवतो. तू रडत बसू नकोस, तू रडलीस की आई जेवत नाही. साडी तुझ्या आवडीची घे, किंमत बघू नकोस.

आई, चोपड्याच्या स्थळाला अजून शब्द देऊ नका. मुलीबद्दल माझं काही म्हणणं नाही. फोटो मी बघितला, नीट बघितला. पण आधी बेबीचं होऊ दे. आणि त्या लोकांना इथली थंडी, एकटेपणा, वर्कशॉपमधली माझी नोकरी हे सगळं स्पष्ट सांगा, कॅनडा एवढंच सांगून मोकळे होऊ नका. त्यानंतरही ती हो म्हणाली तर तिचा नंबर छकुलीकडून पाठव, मी स्वतः बोलेन.

आप्पांनी बीपीची गोळी चुकवू नये. पैसे खात्यावर दिसले की छकुलीने मेसेज करावा.

तुमचा,
धाकटा